डोंबिवलीची मीटिंग

दारू सोडायचं ठरवल्यावर माझ्या एका मित्राने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची, मीटिंग शोधली ती थेट डोंबिवलीत. राहतो इथेच, कोलशेतला. ठाण्यात एएच्या मीटिंगा होत नाहीत का? होतात की! पण ठाण्यात 'कुणीतरी बघेल'. मग रिक्षाने स्टेशन, तिथून लोकल, पुन्हा चालत, आणि रात्री हेच सगळं उलट. तीन आठवडे जमलं. चौथ्या आठवड्यात ऑफिसात रिलीज होती, लॅपटॉप बंद व्हायला साडेसात वाजले, आणि डोंबिवली एकदम फार लांब वाटायला लागली. बार मात्र वाटेतच होता. (त्याला विचारूनच लिहितोय.)

माझं मत अगदी साधं आहे. मीटिंग घराजवळची घ्यावी.

'कुणीतरी बघेल' या भीतीचं जरा डिबगिंग करूया. त्या खोलीत तुम्हाला जो ओळखेल, तो स्वतः तिथे कशाला आलाय? डेंग्यूची फवारणी करायला? मित्र आता ठाण्यातल्याच एका ग्रुपला जातो. पहिल्याच दिवशी समोर ओळखीचा चेहरा! दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसले आणि बसले. त्यापलीकडे त्याने मला एक अक्षर सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं ही रीत आहे, आणि ती पाळणाऱ्याचंही त्यात तेवढंच अडकलेलं असतं.

शिवाय ओळखणारे ओळखतातच हो. लिफ्टमध्ये वास येतो, वॉचमनला वेळा पाठ असतात. आपण पितो हे लपवायला कुणी कोलशेतहून डोंबिवलीला जात नाही. सोडतोय हे लपवायला मात्र जातो. गंमतच आहे.

एएची सुरुवातच मुळी जवळचा माणूस शोधण्यातून झाली. मे १९३५. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारवाला कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, आणि हॉटेलच्या लॉबीपलीकडे बार. न्यूयॉर्कला परत जाईपर्यंत तो थांबला नाही. चर्चेसची यादी बघून तिथल्या तिथे फोन लावत सुटला आणि त्यातून त्याच गावातल्या डॉ. बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. तेही दारूने गांजलेले. डॉ. बॉब यांच्या शेवटच्या घोटाचा म्हणून धरलेला दिवस, १० जून १९३५, तोच एएचा वाढदिवस. भारतात हे १९५७ साली आलं. तलफ येते ती तासाभराची पाहुणी असते, आणि तो तास प्रवासातच गेला तर उपयोग काय?

'हे सगळं भजनी मंडळ आहे' असं आमच्या क्षेत्रातली मंडळी फार म्हणतात. प्रार्थना असते, खरंय. पण २०२० सालचा कॉक्रेनचा आढावा बघा. २७ अभ्यास, १०,५६५ लोक. पूर्णपणे दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. डेटा हवा होता ना? घ्या.

आता आपलं कोलशेत. जिथे क्लॅरिअंट आणि बायरचे कारखाने होते तिथे टॉवर आले, आणि टॉवरखाली क्लबहाऊस. कुणी म्हणेल, मग क्लबहाऊसमध्येच भरवा की मीटिंग! नको. गेटवर नाव, फोन नंबर, फोटो, कुठल्या फ्लॅटला जायचंय. वर कुणाच्या तरी मोबाईलवर नोटिफिकेशन. आपल्याच धंद्यातल्या कुणीतरी हे बांधलंय, चांगलंच बांधलंय, पण अनामिक माणूस आत येऊ नये हाच तर त्याचा हेतू! त्यापेक्षा संध्याकाळी रिकामा असलेला महापालिका शाळेचा एक वर्ग बरा. एएला तो फुकटही नको असतो. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत, सभासदच आपापसात पैसे काढून भाडं भागवतात. पाणी, पार्किंग, खड्डे यासाठी आपण महापालिकेकडे सह्यांचे कागद नेतो. आठवड्यातून दोन तास एक वर्ग उघडा ठेवा, एवढ्यासाठीही एक कागद न्यायला काय हरकत आहे? सही करणारा प्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

एक सांगायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने आजपासून एकदम बंद, असं परस्पर करू नये. हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, कधीकधी जिवावरही बेततं. आधी डॉक्टर गाठा. सरकारची १४४४६ ही टोल-फ्री हेल्पलाइनही आहे. आणि काही आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेल्यालाही शेवटी घरीच यायचं असतं, त्याच रस्त्याने, त्याच दुकानावरून.

मीटिंगला फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा, बस. बोलायलाच हवं असंही नाही. बायकोला, भावाला बरोबर न्यायचं असेल तर 'ओपन' मीटिंग कधी असते ते आधी विचारून घ्या, 'क्लोज्ड'मध्ये त्यांना बसता येत नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे गट आहेत. मित्राची बायको त्यातल्या एका गटाला जाते. कुठे जाते ते त्याने तिला विचारलेलं नाही.