टेन्युअर कोणासाठी? आळशासाठी की निर्भयासाठी?

१/ अमेरिकी प्राध्यापकांच्या टेन्युअरवर, म्हणजे सेवेच्या शाश्वतीवर, एक आक्षेप हमखास घेतला जातो: नोकरी पक्की झाली की माणूस काम कशाला करील? आक्षेप सोपा आहे; इतिहास मात्र त्याच्या बाजूने नाही. 🧵

२/ सन १९००, स्टॅनफर्ड विद्यापीठ. रेल्वेसम्राट लेलंड स्टॅनफर्ड यांच्या पश्चात अंतिम अधिकार त्यांच्या पत्नी जेन यांच्याकडे होता. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांची जाहीर भाषणे त्यांना रुचली नाहीत. रॉस यांना जावे लागले.

३/ रॉस काही हुतात्मा नव्हेत. आशियाई मजुरांविरुद्धच्या त्यांच्या भूमिकेत उघड वंशद्वेष होता. पण प्रश्न मत योग्य की अयोग्य एवढाच नव्हता. त्याची परीक्षा विद्वानांनी करायची की धनकोने, हा खरा प्रश्न होता.

४/ इतिहासाचे प्राध्यापक जॉर्ज हॉवर्ड यांनी भर वर्गात या कारवाईचा निषेध केला. माफी मागण्याऐवजी त्यांनी पद सोडले. तरुण तत्त्वज्ञ आर्थर लव्हजॉय यांनीही राजीनामा दिला.

५/ याच लव्हजॉय यांनी जॉन ड्युई यांच्यासह १९१५ मध्ये प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभारली. तिच्या १९४० च्या निवेदनाने सूत्र घालून दिले: परिवीक्षा जास्तीत जास्त ७ वर्षे; त्यानंतर सबळ कारण किंवा खरे आर्थिक अरिष्ट असल्याशिवाय बडतर्फी नाही.

६/ म्हणजे कामचुकाराला काढता येतेच. फक्त आरोप सिद्ध करावा लागतो. 'टेन्युअर म्हणजे आळसाला अभय' हे म्हणणे इथेच कोसळते.

७/ हे कवच अभेद्य मात्र नाही. १९५० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने साम्यवादविरोधी शपथेस नकार देणाऱ्या ३१ अध्यापकांना काढले. शपथ नाकारणाऱ्यांत मध्ययुगाचे थोर इतिहासकार अर्न्स्ट कान्टोरोविच होते. ते स्वतः साम्यवादाचे कडवे विरोधक! प्रश्न निष्ठेचा नव्हता, स्वाभिमानाचा होता. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काढलेल्यांना परत घेण्याचा आदेश दिला.

८/ आळशी प्राध्यापक असतात. त्यांचा तोटा एका वर्गाला होतो. भ्यालेल्या इतिहासकाराचा तोटा पिढ्यांना होतो, कारण त्याने न उघडलेले दफ्तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. टेन्युअर रद्द करू पाहणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे: मग काढण्याचा अधिकार कोणाच्या हाती देणार?