फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी

दुकानातला संगणक सकाळी सुरू होत नाही. दुरुस्तीवाला येतो, दोन-चार बटणे दाबतो आणि सांगतो, "शेठ, फॉरमॅट मारावा लागेल." गिऱ्हाईक खोळंबलेले असते, आपण मान हलवतो. संध्याकाळी संगणक चालू होतो, पण उधारीची खाती, जीएसटीची बिले आणि भरतकामाच्या मशीनची डिझाइने गेलेली असतात. हे नुकसान पुष्कळदा टाळता येते, हे आपल्या व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे.

विंडोज बिघडली म्हणजे हार्ड डिस्कवरचा मजकूर गेला, असे नव्हे. शटर अडकले तरी आतला माल शाबूत असतो. तो मागच्या दाराने काढता येतो. पेनड्राइव्हवरून चालणारी छोटी प्रणाली म्हणजे हे मागचे दार. लिनक्सवर आधारलेली 'सिस्टमरेस्क्यू' ही अशीच एक मोफत प्रणाली आहे. ती हार्ड डिस्कवर बसवावी लागत नाही. तिच्यातून फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. हरवलेले पार्टिशन शोधणारे 'टेस्टडिस्क' आणि खराब होत चाललेल्या डिस्कची नक्कल काढणारे 'डीडीरेस्क्यू' तिच्यातच मिळतात.

मदरबोर्डवरील बायोस बदलण्याचे काम मात्र वेगळे. जुन्या बोर्डांसाठी 'फ्रीडॉस' उपयोगी पडते. जिम हॉल यांनी 1994 मध्ये सुरू केलेली ही मोफत प्रणाली आजही चालू आहे, तिची 1.4 आवृत्ती 2025 मध्ये आली. यूईएफआय पद्धतीच्या नव्या बोर्डांवर ती सहसा चालत नाही. तेथे बायोसच्या सेटअपमध्येच अपडेटची सोय बहुधा असते.

बायोसला विनाकारण हात लावू नये. 26 एप्रिल 1999 रोजी 'सीआयएच' व्हायरसने अनेक संगणकांचे बायोस पुसले आणि ते सुरूच होईनात. अपडेट चालू असताना वीज गेली तरी हीच गत होऊ शकते. म्हणून यूपीएस हवाच. फाइल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडूनच आणि नेमक्या त्याच मॉडेलची घ्यावी. विंडोजचे 'बिटलॉकर' कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी. तिच्याविना मागचे दारही उघडणार नाही.

दुरुस्तीच्या धंद्यातील आपल्या तरुणांना एक सांगणे आहे. फॉरमॅट मारणे कोणालाही जमते, गिऱ्हाइकाचा हिशेब वाचवून देणे ही खरी कारागिरी. ती शिका आणि तिची मजुरी उघडपणे मागा. दुकानदारांनीही ती देताना हात आखडू नये. वर्षाच्या उधारीपुढे ती रक्कम किरकोळ आहे.

असा पेनड्राइव्ह संगणक धड असतानाच तयार करून, एकदा चालवून पाहून गल्ल्यात ठेवावा. आणि पुढच्या वेळी कोणी फॉरमॅटचे नाव काढले, तर आधी एवढेच विचारावे : "माझ्या फायली काढून घेतल्या का?"