अडवलेले गोल कोण मोजतं?

अब्बा हॉकीचे वेडे होते. १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकाची गोष्ट त्यांच्या तोंडून मी किती वेळा ऐकली, हिशेब नाही. उपांत्य सामना, समोर यजमान मलेशिया, भारत १-२ असा मागे, वेळ संपत आलेली. राखीव खेळाडूंतला फुलबॅक अस्लम शेर खान पेनल्टी कॉर्नर मारायला मैदानात येतो, गळ्यातल्या तावीजाला ओठ लावतो आणि बरोबरी साधतो. पुढे आपण तो सामना जिंकलो आणि विश्वचषकही. अस्लमसाठी बाहेर आलेला मायकेल किंडोही फुलबॅकच. त्याने त्या दिवशी किती चढाया अडवल्या हे अब्बांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १० गोल कुणी केले? आपल्या हरमनप्रीत सिंगने, म्हणजे एका बचावपटूने. मला त्याचं कौतुक आहेच. स्पेनविरुद्ध कांस्यपदक मिळालं ते २-१ ने, आणि दोन्ही गोल त्याचेच. पण हे गोल पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोकवरचे. तेव्हा खेळ थांबलेला असतो, जागा सोडून धावल्याची किंमत द्यावी लागत नाही. कॅनडा-अमेरिकेच्या आइस हॉकीत तसं नाही. तिथला बचावपटू चालू खेळात पुढे जातो आणि मागे भगदाड पडतं. २०२२-२३ मध्ये एरिक कार्लसनने गोल आणि गोलसाहाय्य मिळून १०१ गुण केले, सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. त्याचा सॅन होजे संघ मात्र बाद फेरीतही पोचला नाही. हरमनप्रीतचे गोल त्या मानाने निखळ नफा. तरीही ते ड्रॅगफ्लिकचं वेगळं कसब आहे, बचावाचा पुरावा नव्हे.

बचाव पाहायचा तर अमित रोहिदास पाहा. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून सुटून थेट फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावणारा पहिला माणूस तो. चेंडू गुडघ्यावर, मांडीवर, कुठेही बसू शकतो. त्याच पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनी ४० मिनिटांहून जास्त किल्ला लढवला, शूटआउटवर आपण जिंकलो. पण उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध निलंबित रोहिदास बाहेर बसला. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर आला आणि आपण २-३ ने हरलो. तो असता तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी बहुतेकांना त्याचं काम पहिल्यांदा दिसलं, कारण ते करायला तो नव्हता.

माझं मत विचाराल तर फुलबॅक निवडताना आधी अडवणं पाहावं. फ्लिक येत असेल तर सोन्याहून पिवळं. आणि संघात फ्लिकवाला एक घेतलात तर धावून जाणाराही एक हवाच.

हे मी आता लिहितोय. काही वर्षांपूर्वी शालेय स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडू निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी तीन गोल करणाऱ्या फुलबॅकचं नाव लिहून मोकळा झालो. त्याच्या जोडीचा मुलगा बक्षीस समारंभात सुजलेल्या नडगीवर बर्फ धरून बसला होता. टाळ्या वाजवायला त्याला एकच हात मोकळा होता.