वहीच्या डोक्यावरची ‘चाल’



पर्युषण जवळ आलं की आमच्या शिनोली-घोडेगाव भागात बायकांच्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात. एक, यंदा अठ्ठाई कोण करणार. दुसरा, सांजीला कोणती गाणी म्हणायची. पहिल्या विषयावर कधी भांडण होत नाही. दुसऱ्यावर यंदा जरा तापलंय.

कारण आहे मंडळाची जुनी वही. तुमच्याही मंडळात अशी एक असेलच. जाड पुठ्ठ्याची, हळदीचे आणि तेलाचे डाग पडलेली. पानाच्या मध्यभागी स्तवन आणि वर डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘चाल: आशिकी’, ‘चाल: साजन’, ‘चाल: मैंने प्यार किया’. यातली निम्म्याहून जास्त पानं १९९० ते ९४ या काळातल्या गाण्यांवर बेतलेली. आता एक मत असं आहे की ही वही बंद करावी. देवाच्या नावाला सिनेमाची चाल लावणं ही आशातना आहे, आणि सुरातलं, नीटनेटकं काही ऐकायचं असेल तर शहरातून संगीतकार बोलवावा. दुसरं मत तरुण सुनांचं आहे. त्यांना वही चालेल, पण त्यातली गाणी जुनी वाटतात.

माझं मत दोन्हींपेक्षा थोडं वेगळं आहे, म्हणून आज लिहायला बसले.

आधी त्या गाण्यांविषयी. मी लग्न होऊन इकडे आले ती त्याच वर्षांत. आपल्या घरांत चौविहारामुळे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, प्रतिक्रमण होतं आणि नंतर बायकांचे हात थोडे रिकामे असतात. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या काळात बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागायची. अमीन सयानींचा हा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं बघून गाण्यांचे नंबर ठरायचे. १९८९ मध्ये तो विविध भारतीवर आला, नाव ‘सिबाका’ झालं, आणि आमच्या पिढीने त्याची शेवटची वर्षं ऐकली. १९९१ च्या वार्षिक यादीत ‘साजन’चं गाणं पहिलं आलं होतं. १९९३ ला ‘खलनायक’मधलं ते गाणं. कोणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे लिहायची गरज नाही.

शहरात तेव्हा केबल आली होती. गावात मात्र दूरदर्शनचा एकच चॅनल, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेट इतक्या स्वस्त केल्या की किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारीही टेप वाजू लागला. १९९० मध्ये ‘आशिकी’ आला. नदीम-श्रवण यांच्या चाली, कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल यांचे आवाज. कुमार सानूंना पुढे सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं, अनुराधाताईंना सलग तीन. त्या चाली कशा होत्या आठवा. मुखडा सोपा, सूर फार वर जात नाही, फार खाली येत नाही, ठेका ढोलकीचा. ज्या बाईने कधी पेटीला हात लावला नाही, तीसुद्धा चौथ्या वेळी बरोबर म्हणेल. मंडळाने याच चाली उचलल्या यात नवल काय?

आणि एक बघा. ‘आशिकी’मध्ये ज्या आवाजाने प्रेमगीतं म्हटली, तोच अनुराधाताईंचा आवाज त्याच दशकात सकाळी सकाळी आरत्या आणि मंत्र म्हणत घराघरांत पोचला. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हा सिनेमाचा गळा आहे, आरती बंद करा.

आता आशातनेचा मुद्दा. तो हलका नाही आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण आधी आपली परंपरा काय सांगते ते बघू. घरातलं जुनं, छापील स्तवनांचं पुस्तक उघडा. सतराव्या शतकातल्या आनंदघनजी महाराजांच्या किंवा उपाध्याय यशोविजयजी महाराजांच्या स्तवनांच्या वर बारीक टाइपात काहीतरी छापलेलं असतं. कुठे रागाचं नाव असतं, कुठे एखाद्या ओळीचा तुकडा आणि पुढे ‘ए देशी’. आपण ते वाचत नाही, सरळ स्तवनावर जातो. ही देशी म्हणजे चाल. त्या काळी गुजरात-मारवाडात लोकांच्या ओठी असलेली गाणी, त्यात गरबे आले, लग्नाची गाणी आली, विरहाची गाणी आली. त्यांच्या चालीवर साधू महाराजांनी स्तवनं, सज्झाय, रास रचले. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ हा मोठा ग्रंथ तयार केला, त्यात अशा देशींची लांबलचक सूची दिली आहे. पुष्कळ मूळ गाणी आज कुणाला येत नाहीत. त्यांची ओळख उरली ती स्तवनाच्या डोक्यावरच्या त्या बारीक ओळीत.

म्हणजे वहीच्या डोक्यावर ‘चाल: साजन’ लिहिणारी बाई काही नवीन करत नव्हती. ती तीनशे वर्षांपूर्वीची रीत पाळत होती.

ही रीत फक्त आपली नाही. मराठी संगीत नाटकांची जुनी पुस्तकं काढा. प्रत्येक पदावर ‘चाल’ दिलेली असते, कधी लावणीची, कधी कानडी पदाची. इथून जवळच नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. तिथल्या फडांनी सिनेमाची गाणी बोर्डावर आणली, आणि सिनेमाने लावणीचा ठेका कधीचाच उचलला होता. चाली एका जागी बसत नाहीत. १९९१ च्या ‘लम्हे’मध्ये लताबाई आणि इला अरुण यांनी मिळून मोराचं जे गाणं म्हटलं, ते शिव-हरींनी राजस्थानी लोकगीतावरून बांधलं. ज्यांची माहेरं मारवाडातून आलेली आहेत, त्यांच्या आज्यांना त्या वळणाची गाणी सिनेमाच्या आधीपासून येत होती. आणि १९९४ च्या ‘मोहरा’तलं पावसात भिजल्यासारखं सगळीकडे वाजलेलं ते ‘मस्त’ गाणं? त्याचं मूळ नुसरत फतेह अली खान यांच्या कव्वालीत. म्हणजे भक्तीचं गाणं सिनेमात गेलं. मग सिनेमाची चाल भक्तीत आली तर ती वाट काही एकेरी नाही.

तरीही आशातनेचा प्रश्न उरतोच. जुन्या देशींचं मूळ आपण विसरलो, म्हणून त्या शुद्ध वाटतात. सिनेमाचं गाणं विसरलेलं नाही. चाल सुरू झाली की डोळ्यांपुढे नायक-नायिका येतात. आपल्या भाषेत ‘राग’ म्हणजे सूरही आणि आसक्तीही. वीतरागाच्या दारात सुराचा राग न्यायचा आणि दुसरा बाहेर ठेवायचा, हे सोपं नाही. साध्वीजी महाराज याबद्दल टोकतात ते उगीच नाही.

म्हणून माझं म्हणणं, वही बंद करू नका, वही चाळा. धान्य चाळतो तशी. चाळणी तीन वेळा लावा.

पहिली चाळणी चालीची. सरावाच्या वेळी नुसती चाल गुणगुणा, शब्द नकोत. अर्ध्या बायकांच्या ओठांवर मूळ शब्द आले किंवा पोरी खुदकन हसल्या, तर ती चाल बाजूला. ‘खलनायक’चं गाणं अल्का याज्ञिक आणि इला अरुण यांनी कितीही सुरेख म्हटलेलं असो, दोघींना मिळून फिल्मफेअर मिळालेलं असो, त्या चालीवर महावीर प्रभूंचं नाव बसत नाही. पण ‘आशिकी’च्या काही चालींचं तसं नाही. आजच्या वीस वर्षांच्या सुनेला त्यांचं मूळ गाणं अर्धवट आठवतं, ती चाल तिने आधी सांजीतच ऐकलेली असते. ती चाल आपली होत आली आहे.

दुसरी चाळणी शब्दांची, आणि माझ्या मते खरी गडबड इथे आहे. चालीवर सगळे तुटून पडतात, शब्दांकडे कुणी बघत नाही. कितीतरी गीतांत फक्त एवढंच केलेलं असतं की ‘सनम’च्या जागी ‘प्रभू’ घातलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. मग काय होतं? प्रभू, तू ये, मला भेट, माझ्याशिवाय तुला चैन कसं पडतं, असं काहीतरी. सख्यांनो, हे आपल्या सिद्धांतात बसतं का? सिद्ध झालेले परत येत नाहीत. वीतराग कुणावर प्रसन्न होत नाहीत, कुणावर रुसत नाहीत. आपण त्यांचे गुण गातो ते आपल्यात ते गुण यावेत म्हणून. जुन्या स्तवनांतही आर्जव आहे, ‘तारो’ म्हणून हाक आहे, पण ती रचणाऱ्यांना आपण कुणाला हाक मारतोय ते पक्कं माहीत होतं. तेव्हा ज्या पानावर प्रभूंना प्रियकरासारखा लाडीक राग दाखवला आहे, ते पान काढा. चाल कितीही सोज्वळ असो. आणि ज्या पानावर नेमिनाथांचं वैराग्य किंवा चंदनबालेची कथा नीट मांडली आहे, ते ठेवा.

तिसरी चाळणी जागेची आणि वेळेची. देरासरात चैत्यवंदनाला, स्नात्र पूजेला जुनी स्तवनं जुन्याच चालीत व्हावीत. तिथे मला कुठलीच तडजोड मान्य नाही. तपस्विनीच्या घरची सांजी, पारण्याचा झुला, मंडळाचा वार्षिक कार्यक्रम, इथे नव्वदच्या चाली खुशाल चालू द्या. घरात आपण रोजची भांडी आणि पूजेची भांडी वेगळी ठेवतो. दोन्ही धुतलेलीच असतात, तरी वेगळी ठेवतो. तसंच हे.

आता संगीतकार बोलवण्याच्या सूचनेबद्दल. संगीतकार चांगलं म्हणतात, त्यांचा रियाज असतो, मोठ्या महोत्सवाला जरूर बोलवावेत. पण सांजीलाही बाहेरचा माणूस माइक घेऊन उभा राहिला, तर आपण काय करणार? टाळ्या वाजवणार आणि मोबाइलवर व्हिडिओ काढणार. आणि गंमत अशी की तेही बहुतेक वेळा सिनेमाच्याच चाली म्हणतात, फक्त हल्लीच्या. मग आशातना टळली कुठे? टळला तो आपला गळा. ज्या बायका वर्षभर दुकान, शेतमालाचा हिशोब, स्वयंपाक आणि पाहुणे यांत असतात, त्यांना चार लोकांत आवाज काढायची ही एकच जागा होती. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी घरात सासऱ्यांसमोर मोठ्याने बोलल्या नाहीत, पण सांजीत पहिली ओळ त्यांनीच उचलली. ती जागा आपण आपल्या हाताने पैसे देऊन दुसऱ्याला द्यायची का, याचा विचार करा.

आणि सुनांना एक सांगते. ही गाणी जुनी आहेत म्हणूनच कामाची आहेत. तेव्हा सगळं गाव एकच रेडिओ ऐकायचं. सासूला, सुनेला, दुकानातल्या मुलाला, शेजारच्या पाटलीणबाईंना तीच दहा-पंधरा गाणी यायची. आज तुझ्या कानात एक गाणं, नवऱ्याच्या कानात दुसरं, लेकीच्या कानात तिसरं. तीन पिढ्यांना मिळून एक चाल म्हणायची झाली तर शोधावी लागते. नव्वदच्या या चाली त्या तिन्ही पिढ्यांना येतात. अशा सामायिक चाली आता नव्याने तयार होताना मला दिसत नाहीत. तुला नवीन हवं असेल तर त्याच चालीवर नवे शब्द लिही, तुझ्या पिढीचे. जयणेवर लिही, पाणी गाळण्यावर लिही, मोबाइलच्या उपवासावर लिही. वहीत कोरी पानं आहेत.

सासवांनाही एक विनंती आहे. ‘ए देशी’ असं छापलेली जी चाल तुम्हाला तुमच्या आईकडून आली, ती या पर्युषणात निदान एक तरी सुनेला शिकवा. पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. चाल तुमच्या गळ्यात आहे, आणि ती तिथून दुसऱ्या गळ्यात गेली तरच राहील. सिनेमाच्या चालीला नावं ठेवून जुनी चाल वाचणार नाही. ती बसून, दोनदा चुकत, तिसऱ्यांदा बरोबर म्हणवून घ्यावी लागेल.

येत्या बैठकीत मी हेच मांडणार आहे: वही चाळायची, देरासरासाठी जुन्या देशी शिकायच्या, आणि सांजी आपणच म्हणायची. तुमच्या गावात काय ठरलं, तुमच्या वहीतली कोणती पानं तुम्ही ठेवलीत आणि कोणती काढलीत, ते नक्की कळवा. आणि वही चाळताना प्रत्येक पानाखाली ते कुणी लिहिलं तेही विचारून लिहून ठेवा. वर चालीचं नाव असतं, खाली लिहिणारीचं नसतं. त्यातल्या काही जणी अजून आपल्यात आहेत, तोवर विचारून घ्या.

जय जिनेंद्र.