गाडीला झोपायला जागा पाहिजे



रात्री साडेअकराला माझा धाकटा भाऊ टॅक्सी घेऊन वस्तीत शिरतो आणि पुढचा पाऊण तास जागा शोधत हिंडतो. बारा-तेरा तास स्टिअरिंगवर घालवलेला माणूस. कधी नाल्याच्या कडेला लावतो, कधी शाळेच्या भिंतीला, कधी पार हायवेच्या सर्व्हिस रोडला, आणि तिथून चालत घरी येतो. सकाळी जाऊन बघावं तर चाकाला जॅमर, नाहीतर आरसा फोडलेला, नाहीतर मोबाइलवर चलान. बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता खात्यातून जातो. आई म्हणते, पोरा, आता ती टॅक्सी उशाला घेऊन झोपतोस का?

तर आमच्या बिल्डिंगच्या कमिटीनं यावर तोडगा काढलाय. विहारासमोर जी मोकळी जागा आहे तिथं पांढरे पट्टे मारायचे. तेवीस गाड्या बसतात म्हणे. गाडीमागं महिन्याला भाडं, सोसायटीला उत्पन्न, रोजची भांडणं बंद. मी या ठरावाविरुद्ध हात वर केला. त्या दिवसापासून अर्धी बिल्डिंग माझ्याशी बोलत नाही. घरात भाऊ बोलत नाही. बोलायला कुणी उरलं नाही म्हणून लिहितोय, असं समजा.

मी आधी टेप घेऊन मापं काढली. या शहराच्या नियमाप्रमाणं मोठी गाडी उभी करायला अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा लागते. गुणाकार करा. १४८ चौरस फूट. ही नुसती उभं राहायची जागा झाली, आत-बाहेर करायची वाट वेगळी. आणि बीडीडी चाळीतली खोली किती? १६० चौरस फूट. इंग्रज सरकारनं १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला त्या चाळी बांधल्या. त्या एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं राहिली. तिथं बाळंतपणं झाली, मयती झाल्या, पोरं मॅट्रिक झाली, जानेवारी १९७४ मध्ये तिथंच दगडविटा आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. एका खोलीत एक गाडी आणि वर बारा फूट. त्या बारा फुटांत बसवा आता तुमचं कुटुंब.

वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. शंभर वर्षं लागली. आमच्या एसआरएच्या बिल्डिंगीतली घरं २२५ फुटांची. म्हणजे दीड गाडी. आम्ही पाच जण दीड गाडीत राहतो.

फेरीवाल्याला किती जागा? सुप्रीम कोर्टानं १९८५ साली मुंबईतल्या फेरीवाल्यांसाठी माप घालून दिलं, एक मीटर बाय एक मीटर. आमची शेजारची मावशी तेवढ्याच जागेत भाजी विकून दोन पोरी शिकवते आणि तिच्यावर गाडी येते, टोपली उचलते, कोथिंबीर रस्त्यावर सांडते. तिच्यापासून दहा पावलांवर कुणाची तरी एसयूव्ही तेरा-चौदा चौरस मीटर रस्ता दाबून महिनाभर धूळ खात उभी असते. तिच्या बॉनेटवर कावळे बसतात. तिच्यावर कसलीही गाडी येत नाही.

नियमांचं पुस्तक तर वाचाच. मी वाचलं. झोप उडाली. सध्याच्या विकास नियमावलीत, तीच २०३४ वाली, घर ४५ चौरस मीटरपर्यंतचं असेल तर चार घरांत मिळून एका गाडीची जागा. ४५ ते ६० असेल तर दोन घरांत एक. ६० च्या वर घरटी एक. ९० च्या वर गेलात तर एका घराला दोन. म्हणजे ज्याचं घर मोठं त्याच्या गाडीलाही घर मोठं. खालच्याला सगळ्यात वरच्याच्या अष्टमांश, आणि खालच्यातल्या खालच्यांनी आपापसांत भांडून घ्यायचं. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितलं ते मनुस्मृतीतच बघायला पाहिजे असं नाही, ते गॅरेजच्या कोष्टकातही सापडतं. आणखी एक. माणसाच्या घराचा इंच न् इंच एफएसआयमध्ये मोजतात. नियमाप्रमाणं ठेवलेलं पार्किंग मोजत नाहीत. गाडीचा मजला फुकट.

म्हणून तर पोडियम. आमच्याच जमिनीवर, आमच्याच झोपड्या हटवून, बिल्डरनं पलीकडं विकायची टॉवर बांधली. तिला खाली पाच मजले नुसत्या गाड्यांचे. मध्ये भिंत, भिंतीवर काचा. माझ्या खिडकीतून तिसरा मजला सरळ दिसतो. रात्री दोन वाजता तिथं दिवे आपोआप लागतात, विझतात. निम्म्या जागा रिकाम्या. गाड्यांची वाट बघत बसलेल्या जागा. आणि ज्यांची कागदपत्रं अपुरी पडली, ज्यांना ‘अपात्र’ म्हणून काढलं, ती आमची माणसं त्याच भिंतीच्या बाहेर गटारावर फळ्या टाकून झोपतात.

१९८१ च्या जुलैत, भर पावसात, सरकारनं फुटपाथवरच्या माणसांच्या झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये भरून शहराबाहेर धाडायला घेतली. केस सुप्रीम कोर्टात गेली. १९८५ साली निकाल लागला, ओल्गा टेलिस केस म्हणून प्रसिद्ध आहे. कोर्टानं गोड शब्दात सांगितलं की पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. आणि पुढं सांगितलं की फुटपाथ चालण्यासाठी आहे, त्यावर घर करायचा हक्क कुणाला नाही, नोटीस देऊन उठवा. ठीक. मी कायदा मानतो. पण फुटपाथ चालण्यासाठी असेल, रस्ता जाण्यायेण्यासाठी असेल, तर त्यावर रात्रभर झोपलेली गाडी कोण आहे? तिला कुणी कधी बसमध्ये भरलं? २०१९ च्या जुलैत महापालिकेनं दंड वाढवला होता, सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली की ५ हजारांपासून पुढं. केवढी बोंब झाली! मध्यमवर्गाला पहिल्यांदा कळलं की रस्त्यावर राहणं हा गुन्हा असतो.

सहा डिसेंबरला आपली माणसं दोन-तीन दिवस शिवाजी पार्कात उतरली की दादरच्या लोकांना रस्ता अडल्याचा साक्षात्कार होतो. गर्दी, घाण, ट्रॅफिक. बाकीचं वर्षभर तोच रस्ता दोन्ही बाजूंनी कुणी अडवलेला असतो, विचारा की त्यांना.

आता आपल्याकडं वळतो. कारण शिव्या देऊन माझा प्रश्न सुटत नाही.

सभेत खजिनदारकाका म्हणाले, “तुझ्या भावाचीच सोय बघतोय आम्ही, आणि तूच आडवा?” बरोबर बोलले. माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. गाडी घेऊ नये असं मी म्हणत नाही. घोड्यावरून वरात काढली म्हणून मार खाणारे आपले नवरदेव आजही पेपरात दिसतात. ज्यांच्या आज्याला पायात वहाण घालून गावातून जाता आलं नाही त्यांनी काचेवर ‘जय भीम’ लिहून गाडी चालवावी, जोरात हॉर्न वाजवावा. माझा बाप आयुष्यभर पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीला मागं लटकला. पोरगा पुढच्या सीटवर बसला, याचा त्याला कोण आनंद.

पण मी त्या तेवीस जागांची यादी मागून घेतली. तेवीसमध्ये पोटासाठी चालणारी वाहनं किती? टॅक्सी दोन, टेम्पो एक, रिक्षा दोन. बाकी अठरा गाड्या रविवारी धुवायच्या आणि लग्नाला न्यायच्या. भाडंही असं ठरवलंय की रिक्षावाल्यांनी पहिल्या मीटिंगमध्येच नावं मागं घेतली. म्हणजे भावाचं नाव पुढं करून जागा दुसऱ्यालाच.

आणि जागा कुठली? सकाळी तिथं पोरी कवायत करतात. चौदा एप्रिलचा मांडव तिथं. कुणी गेलं की तिरडी तिथं बांधतात, कारण लिफ्टमध्ये आडवं माणूस मावत नाही. रात्री विहाराच्या दिव्याखाली पंधरा-वीस पोरं अभ्यासाला बसतात, कारण २२५ फुटांत टीव्ही एकच आणि कान सगळ्यांचे. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहिले, त्यातली एक पुस्तकांना दिली होती. आपण आपली एक खोली कशाला देतोय?

मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना रात्री छातीत दुखलं. अॅम्ब्युलन्स आली आणि गल्लीच्या तोंडाला अडकली. गाड्यांना नंबर होते, मालक झोपलेले. आम्ही चार पोरांनी काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत नेलं. त्या वाचल्या. त्या चार पोरांत भाऊही होता, आणि अडवणाऱ्या गाड्यांत एक टॅक्सी त्याचीच होती. यावर तो आणि मी कधी बोललो नाही.

१९२३ साली बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या करा म्हणून. चार वर्षं कुणी पाणी पिऊ दिलं नाही, म्हणून २० मार्च १९२७ ला महाडला जावं लागलं. ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण ओंजळीनं उचललाय. आणि आज आपल्या हातातली एकमेव सार्वजनिक जागा आपणच पट्टे मारून, नंबर टाकून, भाड्यानं देणार? एकदा पट्टा पडला की तो ‘माझी जागा’ होतो. मग तो विकला जातो. २०१० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बिल्डरला मोकळं पार्किंग आणि स्टिल्टखालचं पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ते सगळ्यांचं असतं. त्या केसमध्ये बिल्डर समोर होता. आपल्या केसमध्ये समोर कोण आहे, तर आपलेच काका.

माझं म्हणणं एवढंच आहे. मैदान मोकळं ठेवा. पोटासाठी चालणाऱ्या पाच वाहनांना गेटच्या आत भिंतीलगत रात्रीपुरती जागा द्या, फुकट. तेवढी आहे, मी टेपनं मोजलीय. अॅम्ब्युलन्सची वाट सोडून बाकी काय ते करा. अठरा गाड्यांच्या मालकांना सोबत घेऊन पलीकडच्या भिंतीवर चला, एसआरए ऑफिसात चला, त्या पोडियमवरच्या रिकाम्या जागांचा हिशेब मागू. जमीन आमची होती. तिथं जायला कुणी तयार नाही. विहारासमोर पट्टे मारायला सगळे तयार, कारण तिथं अडवणारा वॉचमन नाही.

पांढऱ्या रंगाचे दोन डबे कमिटीच्या ऑफिसात आणून ठेवलेत. रविवारी दहा वाजता पुन्हा मीटिंग आहे. काल रात्री भाऊ सव्वाबाराला आला, ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, रविवारी मीपण येतो. हात कुणाच्या बाजूनं वर करणार, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.