आधी पाण्याची वाट, मग घराची



शहराजवळच्या गावांतून हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आमच्या शिवाराला लागून मोठी वसाहत होणार म्हणतात. गावाच्या दृष्टीने हे चांगले की वाईट?" जमिनीला भाव काय येईल, रस्ता होईल का, मुलाला कामधंदा मिळेल का, याची चर्चा पारावर रंगते. पाण्याची चर्चा मात्र सहसा कोणी काढत नाही. म्हणून या आठवड्यात खत-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवून आपण जरा दहिसरकडे पाहू. दहिसर म्हणजे मुंबईचे उत्तरेकडचे टोक. तिथे जे घडून गेले, ते उद्या आपल्या शिवारात घडू शकते.

दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. त्याआधी ते साष्टीतले एक गाव होते. गावठाण, भाताची खाचरे, खाडीच्या बाजूला खाजण आणि तिवरांची झाडी, आणि या सर्वांमधून वाहणारी दहिसर नदी. ही नदी आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. अंतर थोडे आणि डोंगराचा उतार मोठा. अशी नदी पावसात बघता बघता फुगते. पूर्वी ती फुगली की काठ सोडून खाचरांत पसरे, भात काही काळ पाण्यात उभे राही आणि ओहोटी लागली की पाणी हळूहळू खाडीकडे निघून जाई. गावाचा त्यात फार तोटा होत नसे, कारण गावठाण उंचावर होते आणि सखल जागा पाण्यासाठी सोडलेली होती.

पुढे शहर वाढले. खाचरांवर इमारती आल्या, काठावर गोठे, कारखाने आणि वस्त्या आल्या, नदी अरुंद झाली आणि लोक तिला नाला म्हणू लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मिठी नदीची बातमी सर्वत्र झाली. पण दहिसर नदीनेही काठच्या वस्त्यांत पाणी घातले. त्यानंतर महापालिकेने पात्र रुंद करण्याची आणि काठाला भिंती बांधण्याची कामे हाती घेतली. पुढे दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी नागरिक 'रिव्हर मार्च' या नावाने रस्त्यावर आले. एका पिढीने पाण्याची जागा बुजवली आणि दुसरी पिढी ती परत मागते आहे, असा हा प्रकार आहे.

यात शेताचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. तेव्हा थोडा हिशेब करू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भाताच्या खाचरात बांधाआड १५ सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर एकरी सुमारे ६ लाख लिटर पाणी अडते. १०० एकरांत ६ कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने हे पाणी वाहायचे म्हटले तर ६ हजार खेपा होतील. हे साठवण्याचे काम आपली खाचरे दर पावसाळ्यात फुकट करतात. वरून थोडे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. त्याच १०० एकरांवर सिमेंटचे रस्ते, गच्च्या आणि फरशीची अंगणे झाली, की ते पाणी थांबत नाही, मुरत नाही, एकदम नाल्याकडे धावते. २६ जुलैसारखा पाऊस एकरी ३८ लाख लिटर भरतो. तेवढा पाऊस कोणतेही खाचर पोटात घेऊ शकणार नाही, हे खरे. पण खाचर पाण्याला अडवून वेळ देते, आणि पुराच्या दिवशी तास-दोन तास उशीर झाला तरी माणसे आणि जनावरे हलवता येतात. सातबारावर जमिनीचे क्षेत्र लिहिलेले असते, पीक लिहिलेले असते. पण जमिनीचे हे काम लिहिलेले नसते. म्हणून विकताना त्याची किंमत कोणी धरत नाही.

समुद्रकाठी आणखी एक अडचण असते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर चढते आणि नाल्याचे तोंडच बंद होते. कोकणातल्या खारबंदिस्तीच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. त्याच्या बांधाला उघाडी असते. भरतीला ती मिटते आणि ओहोटीला उघडते. भरती असताना पडलेला पाऊस बांधाच्या आत कुठेतरी थांबावा लागतो. तो थांबण्याची जागा म्हणजे खाजण आणि मिठागर. ही जागा भरून काढली, तर पाणी घरात थांबते.

आता मुंबईचे दुसरे टोक पाहू. दहिसरबरोबरच १९५७ साली पूर्वेकडचे मुलुंडही मुंबईत आले. २०२४ साली राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासासाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घरे बांधण्यासाठी वापरण्याचा निर्णय घेतला. मुलुंडच्या रहिवाशांनी त्याला जाहीर विरोध केला. आधीच लोकल गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही, पाणी कमी दाबाने येते, रुग्णालये अपुरी, आणि मिठागर भरले तर पावसाचे पाणी कुठे जायचे, अशी त्यांची चिंता आहे. दुसरी बाजू असे सांगते की, पूर्व द्रुतगती महामार्ग झाल्यापासून खाडीचे पाणी या मिठागरांत येतच नाही. हे मान्य केले तरी प्रश्न अर्धाच सुटतो. खाडीचे पाणी आत येत नसेल. पण वरच्या वस्तीत पडलेला पाऊस खाडीकडे जाताना वाटेत कुठे थांबणार, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. वरील हिशेबाने २५६ एकरांवर केवळ १५ सेंटिमीटर पाणी धरले, तरी ते साडेपंधरा कोटी लिटर होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. धारावीच्या माणसालाही घर हवे आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे ते लोक अनेकदा आपल्याच गावांतून दुष्काळात उठून गेलेले आहेत. त्यांना घर नको म्हणणारा माणूस माणुसकीला सोडून बोलतो. शिवाय पाण्याच्या जागेवर घर बांधले, तर पहिला पूर त्या नव्या घरातच शिरणार आहे. म्हणजे ही चिंता नव्याने राहायला येणाऱ्याच्याही हिताची आहे.

दुसरा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. शहरी योजनेत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. १० हजार कुटुंबांची वसाहत, घरटी ५ माणसे धरली, तर रोज साडेसदुसष्ट लाख लिटर पाणी लागेल. एकरी ५ सेंटिमीटरची एक पाळी धरली, तर एवढ्या पाण्यात रोज सुमारे ३३ एकर भिजतात. हे पाणी कुठून येते? दहिसरचा नाका ओलांडला की मिरा-भाईंदर लागते आणि त्यापुढे खाडीपलीकडे वसई-विरार. या दोन शहरांसाठी रोज ४० कोटी ३० लाख लिटरची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आखली गेली : २१ कोटी ८० लाख लिटर मिरा-भाईंदरला, साडेअठरा कोटी लिटर वसई-विरारला. पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्प मुळात शेतीच्या सिंचनासाठी बांधला गेला होता. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी पाणी पळवले जात असल्याची तक्रार वेळोवेळी केली आहे. शहापूर तालुक्याचीही तीच कथा. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. वसाहत कुठेही झाली, तरी तिची तहान कोणाच्या तरी शेतातून भागते.

वसईच्या बागायतदारांनी हे फार आधी ओळखले होते. १९९० च्या सुमारास वसई-विरारच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले, तेव्हा विहिरी आटतील, गोडे पाणी खारे होईल आणि केळी-पानवेलीचा हरित पट्टा नष्ट होईल, अशी धास्ती तिथल्या लोकांना वाटली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. विहिरींतून टँकर भरून पाणी विकण्यालाही त्या भागात विरोध झाला. तरीही शहर वाढलेच. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी तुंबले, रेल्वे थांबली आणि मिठागरांतल्या कुटुंबांना पाण्याने वेढले. चळवळीने सर्वच वाचते असे नाही; पण ज्या गावांत हरित पट्टा टिकला, तिथे तो लोकांनी वेळेवर बोलल्यामुळे टिकला, हे ध्यानात घ्यावे.

दहिसरच्या नदीमागे जो डोंगर आहे, त्यात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे शंभरावर लेणी कोरली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याचे टाके आहे. दान देणाऱ्यांनी शिलालेखांत लेणे आणि 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके, यांची नोंद जोडीने करून ठेवली आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी राहण्याची सोय आणि पाण्याची सोय ही एकच गोष्ट मानली जात होती. आज आपण घरे आधी बांधतो आणि मग तहान लागल्यावर विहीर खणतो.

तेव्हा आपल्या गावालगत वसाहत येणार असे कळले, तर पुढील गोष्टी कराव्यात.

१) जागा भर पावसात पाहावी. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पूर्वी पाणी कुठपर्यंत चढले होते, त्या खुणा लिहून ठेवाव्यात.

२) तलाठ्याकडून गाव नकाशा घेऊन ओढे, नाले आणि जुनी तळी कुठे आहेत ते तपासावे. ओढा नळात घालून वर रस्ता करण्याचा बेत असेल, तर लेखी हरकत घ्यावी. नळ पुरेसा नसला की पाणी वरच्या शेतात तुंबते.

३) पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोणता, हे लेखी मागावे. 'बोअर घेऊ' किंवा 'टँकर लावू' हे उत्तर नव्हे. ते तुमच्याच विहिरीचे पाणी असते.

४) वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे वरील वसाहतीचे रोज ५४ लाख लिटर. ते शुद्ध कोण करणार आणि कोणत्या ओढ्यात सोडणार, हे विचारावे.

५) २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची परवानगी लागते, पण गृहप्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागत नाही. म्हणून गावाने आपले म्हणणे त्याआधीच, प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा मांडावे. दिलेल्या मुदतीत प्रत्येकाने लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. ग्रामसभेचा ठरावही करावा.

६) विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते, हे घरातल्या बायकांना नेमके माहीत असते. ग्रामसभेत त्यांना पुढे बसवावे आणि त्यांची माहिती ठरावात लिहून घ्यावी.

७) जमीन विकायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मुलीचे लग्न, आजारपण, कर्ज यांपुढे उपदेश चालत नाही. पण ओढ्याकाठची सखल जमीन देताना पाण्याची वाट मोकळी ठेवण्याची अट करारात घालावी. आपण वरचे शेत विकून मोकळे होतो. खालचा शेतकरी मात्र तिथेच राहतो, आणि तो बहुधा आपलाच भाऊबंद असतो.

शहरातली माणसे आज जे प्रश्न विचारत आहेत, ते त्यांना उशिरा सुचले, कारण त्यांच्या पायाखालचे शेत त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आपण ते रोज पाहतो. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठून जाते, हे आपल्याला इंजिनिअरने सांगावे लागत नाही. मोजणीवाले येण्याआधी गावाने एकत्र बसून आपल्या शिवारातल्या पाण्याच्या वाटा गाव नकाशावर निळ्या पेन्सिलीने रेखाटून घ्याव्यात. या कामाला एक संध्याकाळ पुरते.