बालविकासाची पदवी आणि मानधनाचे अर्थकारण

बारावीचे निकाल लागले की कोणत्या शाखेचे प्रवेश किती टक्क्यांवर थांबले याची चर्चा घरोघरी सुरू होते. या चर्चेत गृहविज्ञान शाखेचे नाव क्वचितच निघते. आणि निघाले तरी ‘अन्यत्र कोठे जमले नाही, तर’ अशा शेऱ्यासह निघते. या शाखेत बालविकास हा विषय शिकवला जातो. अलीकडे काही विद्यापीठांनी त्याचे ‘मानव विकास’ असे नामांतर केले आहे. नाव बदलले, तरी समाजाची दृष्टी बदललेली नाही. मुलीने लग्नापूर्वी शिकून ठेवावा असा एक सोज्वळ विषय, अशीच बहुतेकांची समजूत आहे. वास्तविक सहा वर्षांखालील मुलांसाठीची जगातील सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक योजना ज्या देशात पन्नास वर्षे चालू आहे, त्या देशात या पदवीला मोठी मागणी असावयास हवी होती. ती का नाही, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा जितका आहे, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

विषयाचे स्वरूप

गर्भावस्थेपासून किशोरावस्थेपर्यंत मुलाचे शरीर, भाषा, बुद्धी, भावना आणि सामाजिक वर्तन कोणत्या क्रमाने घडत जाते, याचा हा पद्धतशीर अभ्यास आहे. मानसशास्त्र, पोषणशास्त्र आणि कुटुंबाचे समाजशास्त्र यांचा त्यात मेळ असतो. बालवाडी ही या विषयाची प्रयोगशाळा होय. तेथे विद्यार्थ्याने मुलांचे निरीक्षण करावयाचे, नोंदी ठेवावयाच्या आणि त्यांतून अनुमान काढावयास शिकावयाचे असते. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर ते केवळ उशिरा बोलणारे आहे की त्याला ऐकू येत नाही, ही शंका वेळीच यावी लागते. चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देण्याआधी मातीचे गोळे, मण्यांच्या माळा, कागद फाडणे अशा खेळांतून त्याच्या बोटांत बळ आणावे लागते. ही जाण केवळ मायेने येत नाही. ती शिकावी लागते.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ मध्ये निघाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा १९५० पासून आहे. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठानेही मुंबई-पुण्यात या शाखेला घर दिले. महाविद्यालयांबाहेरची परंपरा तर त्याहूनही समृद्ध आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ जन्मास आली. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यामागचे शास्त्र मात्र त्याच वेगाने गेले नाही.

पदवीनंतर काय?

या पदवीला वाटा नाहीत, असे म्हणता येणार नाही. महिला व बालविकास विभागात पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदे आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालगृहे चालतात. तेथे समुपदेशक लागतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांना जोडून शीघ्र हस्तक्षेप केंद्रे निघाली आहेत. विकासात मागे पडणारी मुले लवकर हेरणे हे त्यांचे काम. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. याखेरीज विशेष शिक्षण, बालसाहित्य, खेळण्यांची रचना, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन ही क्षेत्रे आहेतच.

परंतु या यादीकडे नीट पाहिले, तर एक विसंगती ध्यानात येते. पदवीधराला बऱ्यापैकी वेतन मिळते ते बहुधा मुलापासून दूर असलेल्या खुर्चीवर: देखरेख, अहवाल, प्रशासन. जी व्यक्ती रोज चार तास मुलांमध्ये बसते, तिच्यासाठी ना पदवीची अट, ना वेतनश्रेणी. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचे पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तेथून द्यावयाच्या असतात. हे सर्व करणारीला आपण ‘शिक्षिका’ म्हणत नाही, ‘सेविका’ म्हणतो. आणि तिला मिळते ते ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने हे मानधन दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले, तेव्हा ती मोठी वाढ म्हणून गाजली. राज्ये त्यात आपापली भर घालतात, महाराष्ट्रानेही घातली आहे. परंतु मानधन ते मानधनच.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नव्हे, असा निर्णय दिला. त्याच न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो, असे सांगितले. अर्थात सेवेच्या शेवटी उपदान मिळण्यापुरती ती कर्मचारी. सेवा चालू असताना मात्र मानसेवी! पहिलीच्या वर्गावरील शासकीय शिक्षकाला वेतनश्रेणी आहे. तेच मूल एक वर्षाने लहान असताना त्याला सांभाळणारीला ती नाही. मुलाच्या सहाव्या वाढदिवसाने असा कोणता चमत्कार घडतो?

या विसंगतीला घटनात्मक मूळही आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र मार्गदर्शक तत्त्वातील एक कलम राखून ठेवले. हक्कासाठी तरतूद करावीच लागते. तत्त्वासाठी जमेल तेव्हा केली तरी चालते.

बाजारपेठ का चुकते?

येथे अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धांत उपयोगी पडतो. बालशिक्षणाचा लाभ वीस वर्षांनी दिसतो, आणि तो केवळ त्या मुलाला नव्हे, सर्व समाजाला मिळतो. ज्या सेवेचा लाभ असा विखुरलेला आणि विलंबाने येणारा असतो, तिला बाजारात योग्य किंमत येत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले त्यात निवडण्यात आली; त्यांपैकी काहींना बालशाळा मिळाली, उरलेल्यांना नाही. त्यांचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेण्यात आला. २००० सालचे नोबेल मानकरी जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी या गुंतवणुकीवरील सामाजिक परतावा वार्षिक ७ ते १० टक्के असल्याचे दाखवले. हा आकडा आपले नियोजनकारही उद्धृत करतात. एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली जाते: त्या शाळेतील शिक्षिका पदवीधर आणि प्रशिक्षित होत्या, एकीकडे जेमतेम पाच-सहा मुले असत, आणि दर आठवड्याला घरभेटी होत. परतावा पेरीचा सांगावयाचा आणि खर्च मानधनाचा करावयाचा, हा हिशेब जुळणारा नव्हे.

खाजगी बालवाड्यांनी तरी प्रशिक्षितांना मागणी निर्माण करावयास हवी होती. तसे सहसा होत नाही. कारण ग्राहकाला, म्हणजे पालकाला, मालाची पारख नाही. तीन वर्षांचे मूल इंग्रजी अक्षरे गिरवते आणि वहीभर गृहपाठ आणते, की शाळा चांगली असे तो मानतो. मातीत खेळवणारी जाणती शिक्षिका त्याला वेळ दवडणारी वाटते. मग संस्थाचालकाने जादा वेतन देऊन पदवीधर का नेमावी? अशा स्थितीत हुशार विद्यार्थी या विषयाकडे पाठ फिरवतात, त्यात त्यांची चूक काही नाही. तीन-चार वर्षांचे श्रम आणि शुल्क यांच्या मोबदल्यात काय हाती येणार, याचा त्यांनी केलेला हिशेब अचूक असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, हे स्वागतार्ह आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, अशी त्यात योजना आहे. परंतु प्रशिक्षण वाढवावयाचे आणि मोबदल्याचे स्वरूप तेच ठेवावयाचे, याचा अर्थ कामाचा बोजा वाढवणे एवढाच होतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, पदवीची अट घातली तर वस्तीतली, मुलांची बोली जाणणारी सेविका बाहेर फेकली जाईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आजच्या सेविकांना अनुभवाचे श्रेय धरून सेवेत असतानाच पदविका आणि पदवी मिळवण्याची वाट हवी, आणि प्रत्येक पायरीला वेतनवाढ हवी. त्यांच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षकाचे स्वतंत्र, वेतनश्रेणीतील पद प्रथम मोठ्या अंगणवाड्यांत आणि शाळांना जोडलेल्या वर्गांत निर्माण करता येईल. दुसरा आक्षेप पैशाचा. खर्च मोठा आहे, यात शंका नाही. परंतु पाया कच्चा राहिलेल्या मुलांसाठी पुढे उपचारात्मक वर्ग आणि कौशल्य-योजना यांवर जो खर्च होतो, तो आपण निमूटपणे करतोच.

महाविद्यालयांनाही काही करावे लागेल. हा विषय मुलींच्या शाखेच्या कुंपणातून बाहेर काढून अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य यांच्या विद्यार्थ्यांना, आणि मुलग्यांनाही, खुला केला पाहिजे. त्याची प्रात्यक्षिके सजवलेल्या बालवाडीपुरती न ठेवता जवळच्या अंगणवाडीत नेली पाहिजेत. मात्र या सर्व सुधारणा दुय्यम आहेत. मुलाच्या पहिल्या सहा वर्षांचे काम हा जोवर समाज दानधर्माच्या खात्यात मांडतो, तोवर बालविकासाच्या वर्गातील बाके रिकामीच राहणार. ताराबाई आणि अनुताई यांच्या त्यागाचे गोडवे आपण पुष्कळ गायले. परंतु १४ लाख अंगणवाड्या त्यागावर चालवता येत नाहीत. त्या वेतनावरच चालवाव्या लागतील.